जर्नलिंगसाठी वही, डायरी, ॲप सगळं वापरून झालं, माझ्याकडे काय टिकलं ते सांगते

जर्नलिंग सुरू करायचंय, नक्की काय घेऊ, हा प्रश्न हल्ली मला सारखा येतो, ऑफिसमधल्या मुलींकडून, नणंदेकडून, सोसायटीतल्या एका काकूंनी तर भाजी घेता घेता विचारलं. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. मी पुण्यात असते, नोकरी करते, घरात सासूबाई, नवरा, मुलगी, म्हणजे अगदी सगळ्यांचं असतं तसंच घर, आणि त्यातून वेळ काढून मी बऱ्यापैकी नियमित लिहिते. आतापर्यंत प्रश्न छापलेली तयार डायरी, शाळेची साधी लाँगबुक, डॉटेड म्हणजे ठिपक्यांची ए५ वही आणि मोबाईलचं ॲप असे चार प्रकार वापरलेत, डॉटेड वही भाचीने दिलेली, बाकी सगळं स्वतःच्या पैशाने घेतलेलं.

यूट्यूबवर जर्नलचे रिव्ह्यू बघितले तर सगळे कागद किती गुळगुळीत आहे, पेन कसं पळतं, कव्हर कसं दिसतं तेच सांगतात. मी एकच गोष्ट बघते, महिन्याभराने ती वही परत उघडून वाचावीशी वाटते का, आणि वाचता येते का. कारण मला स्वतःबद्दल जे काही समजलंय ना ते लिहिताना फारच कमी समजलं, लिहिताना आपण नुसते मोकळे होतो, बरं वाटतं, झोप लागते, तेही काही कमी नाही. पण "अरे हे मी दर वेळी करते" असं जे लक्षात येतं ते मागची पानं सलग वाचल्यावरच. म्हणून खालचे सगळे मार्क त्या हिशोबाने दिलेत.

आधी तयार डायरी. नाव देत नाही, अशा पन्नास डायऱ्या ऑनलाइन मिळतात आणि सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकाने एकच असतो. सकाळी तीन गोष्टी ज्यांच्याबद्दल मी कृतज्ञ आहे, आजचा दिवस छान जावा म्हणून मी काय करेन, स्वतःबद्दल एक सकारात्मक वाक्य, आणि रात्री आज घडलेल्या चांगल्या गोष्टी. पान देखणं असतं, वर सुविचार असतो. कोऱ्या पानाची ज्यांना भीती वाटते त्यांना याचा खरंच उपयोग होतो, मला पण झाला, पेन हातात घ्यायची सवय या डायरीनेच लावली, ते श्रेय तिला देणारच. पण एका महिन्याची पानं मी एका बैठकीत वाचली तेव्हा काहीच हाती लागेना. चहा, पाऊस, मुलीचं हसू, परत चहा. ज्या आठवड्यात घरात मोठा वाद झाला होता, दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, त्या आठवड्यातसुद्धा माझ्या पानावर "आल्याचा चहा, वेळेवर बस, मैत्रिणीचा फोन" असंच लिहिलेलं, कारण वाद लिहायला त्या पानावर जागाच नव्हती. कृतज्ञतेच्या विरोधात मी अजिबात नाही. एमन्स आणि मॅक्कलॉ या दोन अमेरिकन संशोधकांचा २००३चा प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच, दहा आठवडे, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं होतं. आठवड्यातून एकदा! हे वाचल्यापासून मी कृतज्ञतेची यादी रविवारीच करते आणि ती मनापासून होते, रोज सकाळी घाईघाईत उरकली जायची तशी नाही.

आणखी एक, त्या डायरीतले प्रश्न इंग्रजीत आणि ओळी इंग्रजी अक्षराच्या मापाच्या. मराठीत लिहायला गेलं की वरची वेलांटी आणि वरच्या ओळीतला खालचा उकार एकमेकांत घुसतात. प्रश्न इंग्रजीत असला की उत्तर पण नकळत इंग्रजीत सुचायला लागतं, आणि माझं भांडण, माझी चिडचिड, माझं रडू हे सगळं मराठीत होतं, ते इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. माझ्या डायरीची बाइंडिंग पण लवकर सुटली, चिकटवलेली होती, शिवलेली नव्हती. एकूण पाचपैकी अडीच. सुरुवातीचा एक महिना वापरायला ठीक, तेवढ्यासाठी हजार रुपये घालू नका.

आता लाँगबुक, जिच्यासाठी खरंतर हा सगळा प्रपंच.

अप्पा बळवंत चौकात मुलीची शाळेची खरेदी चालली होती, तिच्यासोबत मी पण एक एकेरी रेघी लाँगबुक घेतली, पुठ्ठ्याच्या कव्हरची, शिलाई बाइंडिंगची. पिनांची वही घेऊ नका, मधलं पान सुटलं की त्याचं जोडीचं पान पण जातं आणि वही पूर्ण उघडून सपाट पडत नाही. शिवलेली वही टेबलावर ठेवली की सपाट राहते, डाव्या पानाच्या आतल्या कडेपर्यंत हात जातो, आणि वाचताना पण एका हाताने धरून ठेवावी लागत नाही, चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन निवांत वाचता येते. ओळींमधलं अंतर नीट बघून घ्या. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा लागते, त्यामुळे शाळेच्या वहीची ती ऐसपैस रेघ आपल्या लिपीला एकदम बरोबर बसते. किंमत म्हणाल तर बाहेरच्या एका कॉफीच्या आत सगळं काम. जूनमध्ये मात्र त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की जा, दुकानदारांना पण दोन वह्या काढून दाखवायला वेळ असतो.

स्वस्त वहीचा सगळ्यात मोठा फायदा असा की ती खराब होईल याची धास्ती नसते. महागड्या वहीत पहिलं पान सुंदर अक्षरात लिहिलं जातं, आणि मग जे सुंदर अक्षरात लिहिता येणार नाही ते मनातच राहतं. लाँगबुकमध्ये मी खाडाखोड करते, मोठ्या अक्षरात लिहिते, कधी नुसती दोन ओळींवर थांबते.

माझी पद्धत सांगते, ती या वहीला अगदी सोयीची आहे. फक्त डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं सोडायचं. समासात तारीख आणि एका शब्दात विषय, म्हणजे "घर", "ऑफिस", "पैसे", "तब्येत" असं काहीतरी. पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी रिकामी. ही अनुक्रमणिकेची कल्पना बुलेट जर्नलवाल्यांची, रायडर कॅरोल नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१३ मध्ये ती पद्धत लोकांसमोर आणली, त्याला लहानपणापासून एकाग्रतेचा त्रास होता आणि स्वतःची गरज म्हणून त्याने ती बसवली होती. इन्स्टाग्रामवर आता बुलेट जर्नल म्हणजे वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी), स्टिकर आणि रंगवलेली फुलं असं झालंय, मूळ पद्धत अगदी साधी आहे, पानांना नंबर घाला, पुढे यादी ठेवा, महिना संपला की राहिलेलं तपासा. मी त्यातलं तेवढंच उचललं. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी दुपारी सगळे झोपले की महिन्याची डावी पानं सलग वाचते आणि जे सुचेल ते उजव्या पानावर पेन्सिलने लिहिते.

यातून काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण देते, नाहीतर हे सगळं नुसतं बोलणं राहील. एका महिन्यातल्या नोंदी अशा होत्या, त्यातल्या आई म्हणजे सासूबाई. "आई म्हणाल्या, कुकर एवढ्या लवकर कशाला लावलास, भात गार होईल. मग मी भाजी टाकली." दोन दिवसांनी, "साहेब म्हणाले, ही शीट तुम्हीच बघा, बाकी कुणाला जमत नाही. आठला निघाले." मग, "ताईने फोनवर अर्धा तास तिचं गाऱ्हाणं सांगितलं. कपडे घड्या करायचे राहिले." प्रत्येक नोंद वेगवेगळी वाचली तर काही विशेष नाही, कुणाच्याही घरातली. पण सलग वाचल्यावर मला दिसलं की प्रत्येकाचं बोलणं मी शब्दन् शब्द लिहिलंय, आई काय म्हणाल्या, साहेब काय म्हणाले, ताई काय म्हणाली, आणि मी काय म्हणाले ते एकाही पानावर नाही. कारण मी काही म्हणालेच नव्हते. मला कायम वाटायचं की मी शांत स्वभावाची आहे, माझं कुणाशी भांडण नाही. त्या दिवशी उजव्या पानावर मी पहिल्यांदा माझी उत्तरं लिहिली, जी दिली असती ती. कुकरवाल्या नोंदीसमोर लिहिलं, "आई, साडेसातला माझी ऑनलाइन मिटिंग आहे, म्हणून आत्ता लावला, भात गार झाला तर मी गरम करून वाढेन." एवढंसं वाक्य, त्यात ना राग ना उद्धटपणा. पुढच्या महिन्यात मी अशी बरीच उत्तरं लिहिली आणि मग एक दिवस स्वयंपाकघरात तेच वाक्य तोंडातून सहज निघून गेलं. आई म्हणाल्या, "मग सांगायचंस ना." आणि मिटिंगच्या दिवशी आता त्याच कुकर लावतात. साहेबांच्या बाबतीत इतकं सोपं नाही झालं, तिथे अजून चाललंय, पण "मला आज सातला निघायचंय" हे वाक्य मी आता पाच वाजताच बोलून टाकते.

तयार डायरीत हे मला दिसलं नसतं, कारण तिथे कोण काय म्हणालं हे लिहायलाच कुणी सांगत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते की भावना लिहा हे बरोबरच आहे पण प्रसंग पण लिहा, बारकाव्यांसकट लिहा, कुठे उभे होतात, कोण काय बोललं, तुम्ही काय केलंत. "आज खूप वाईट वाटलं" हे वाक्य सहा महिन्यांनी वाचलं तर त्यातून काहीच कळत नाही.

यावर संशोधन पण आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. जेम्स पेनेबेकर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी सँड्रा बील यांच्यासोबत केलेला प्रयोग १९८६ मध्ये छापून आला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावलं, काहींना किरकोळ विषय दिले आणि काहींना आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना लिहिल्यावर लगेच उलट जास्त वाईट वाटलं होतं, पण पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्या चकरा कमी झाल्या. नंतरच्या कामात पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लिखाणातले शब्द तपासले, तेव्हा असं दिसलं की "कारण", "त्यामुळे", "माझ्या लक्षात आलं" अशा अर्थाचे शब्द ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे तीच गोष्ट तशीच्या तशी परत परत लिहिण्यात फार अर्थ नाही, गोष्ट हळूहळू उलगडायला हवी. दुसऱ्या बाजूने बघायचं तर मॉर्निंग पेजेसची पद्धत आहे, ज्युलिया कॅमेरॉन या लेखिकेची, सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं भराभरा लिहायची. त्यांचं तर म्हणणं असं की सुरुवातीचे आठ आठवडे आपलं आपणही वाचू नका. मी ते करून बघितलं, डोकं हलकं होतं हे अगदी खरं, आणि कलेच्या क्षेत्रातल्या लोकांना अडकलेलं काम सोडवायला ते उपयोगी पडत असेल. पण सकाळी डबे, पाणी, मुलीची रिक्षा हे सगळं असताना तीन पानं माझ्याच्याने होत नाहीत, आणि मला जे हवं होतं ते वाचल्याशिवाय मिळालंच नसतं.

एक पद्धत मात्र मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन, आणि ती आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत पण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत, आरईबीटी, जी त्यांनी १९५५च्या सुमारास मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी आयुष्यभर शिकवली, मराठीतून शिकवली. त्यातला गाभा असा की घटना थेट आपल्याला त्रास देत नाही, घटनेबद्दल आपण मनाशी जे म्हणतो ते त्रास देतं. वहीत याचे तीन रकाने फार सुंदर बसतात. घटना, मी मनाशी काय म्हटलं, त्याचा परिणाम काय झाला. माझ्या वहीतली एक नोंद, घटना: साहेबांनी रिपोर्टच्या मेलला उत्तर दिलं नाही. मनाशी: माझं काम त्यांना पसंत नाही, आता अप्रेझलला हे निघणार. परिणाम: डबा तसाच परत आणला, रात्री दोनदा मेल उघडून बघितला. चौथा रकाना मी महिन्याच्या वाचनात भरते, तिथे लिहिलंय की महिनाअखेरीला साहेब कुणाच्याच मेलला उत्तर देत नाहीत, शेजारच्या टेबलवाल्याच्या पण नाही. हे त्या क्षणी दिसत नाही हो, तेव्हा पोटात गोळाच येतो. तीन-चार महिन्यांच्या अशा नोंदी एकाखाली एक आल्या की मग मेलचं उत्तर आलं नाही तरी डबा संपतो.

एक गंभीर गोष्ट. लिहिण्याने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. महिनोन् महिने पानावर तेच दुःख त्याच शब्दांत येत असेल, लिहून उठल्यावर दर वेळी जास्तच खोल गेल्यासारखं वाटत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे जाताना वही सोबत नेली तर फार मदत होते, माझ्या एका मैत्रिणीने नेली होती, पहिल्या भेटीत काय सांगू नि कुठून सुरुवात करू हा प्रश्नच तिला पडला नाही.

पेन आणि शाईबद्दल थोडं. शाळेच्या वह्यांचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, त्यावर शाईचं पेन चालवलं की मागच्या बाजूला उमटतं. पण मी शाईने एका बाजूलाच लिहिते, मागे फक्त पेन्सिलच्या नोंदी असतात, त्यामुळे मला ती अडचण फारशी येत नाही. आणि नुसता जीएसएम बघून कागद घेऊ नका, कागदावर कसली प्रक्रिया केलीय त्यावर शाई फुटणार का नाही ते ठरतं, जपानचा टोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमइतका पातळसुद्धा मिळतो आणि शाईच्या पेनवाले लोक त्यासाठी जीव टाकतात. आपल्याकडे दुकानात एक ओळ लिहून बघणं हाच खरा उपाय. शाई मी कॅमलची वापरते, त्यात जिव्हाळा पण आहे, १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत हॉर्स ब्रँड नावाने शाई करायला सुरुवात केली तिथून ही कंपनी उभी राहिली, आता ती जपानच्या कोकुयोकडे आहे पण दौत बघितली की शाळाच आठवते. रॉयल ब्लू दिसायला सुंदर, पण ती धुतली जाणारी शाई आहे, पाणी सांडलं तर अक्षर जातं, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायच्या वहीला परमनंट काळी किंवा साधं चांगलं जेल पेन बरं. बॉलपेनने दाबून लिहायची सवय असेल तर मागच्या पानावर खड्डे पडतात आणि ते पान वाचायला त्रास होतो, तेवढं सांभाळा.

लाँगबुकला पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो एवढ्यासाठीच की पर्समध्ये मावत नाही.

डॉटेड ए५ वही मी भाचीने दिली म्हणून वापरली. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, हातात छान बसते, प्रवासात न्यायला उत्तम. ठिपक्यांमधलं अंतर बहुतेक वह्यांत ५ मिलिमीटर असतं, इंग्रजीला ठीक, मराठीला दाटी होते, मी एक ठिपका सोडून लिहायला लागले तेव्हा कुठे माझं मलाच वाचता यायला लागलं. रकाने पाडायला, महिन्याचा तक्ता काढायला, झोप-मूड-पाळी याच्या नोंदी ठेवायला ठिपके फार सोयीचे. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि माझी चिडचिड यांचा संबंध मला या तक्त्यानेच दाखवला, सगळ्या बायकांनी हा एक तक्ता तरी ठेवावा असं मला मनापासून वाटतं. जर्मन लॉइखटर्मसारख्या वह्यांमध्ये पानांना नंबर आणि पुढे अनुक्रमणिका आधीच छापलेली असते, चांगलीच सोय आहे, पण किंमत हजाराच्या वर जाते आणि नंबर आपले आपण घालायला किती वेळ लागतो, टीव्ही बघता बघता होतात. साडेतीन.

ॲपमध्ये मी डे वन वापरलं आणि अजूनही वापरते. २०११ पासूनचं ॲप आहे, २०२१ मध्ये वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिक कंपनीने ते घेतलं. त्यातली "ऑन धिस डे" ही सोय मला सगळ्यात आवडते, आजच्याच तारखेला मागच्या वर्षांत काय लिहिलं होतं ते समोर येतं. परत वाचण्याचं काम ॲप आपणहून करून घेतं, वहीला हे जमत नाही. शोधता पण येतं, "मान दुखतेय" असं टाकलं की सगळ्या नोंदी एकाखाली एक, आणि मग दिसतं की मान कुठल्या आठवड्यात दुखते. कुलूप लावता येतं, नोंदी एन्क्रिप्ट होतात म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, पीडीएफ काढता येते. काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात, पण आधी फुकटचं वापरून बघा, लिहायची सवय लागतेय का ते कळायला तेवढं पुरतं. आयफोनवाल्यांना ॲपलचं जर्नल ॲप फोनसोबतच मिळतं, डिसेंबर २०२३ च्या अपडेटपासून आलंय, सुरुवात करायला तेही छान. बसमध्ये, लोकलमध्ये, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना मराठी व्हॉइस टायपिंगने दोन वाक्यं बोलून टाकायची, नंतर रात्री वाटलं तर वहीत सविस्तर. मोबाईलची अडचण एकच, लिहायला म्हणून उघडला आणि व्हॉट्सॲप बघून ठेवून दिला असं होतं, म्हणून मुख्य लिखाण मी कागदावरच ठेवलंय. ॲपला चार.

आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न जो विचारताना सगळ्याजणी आवाज खाली आणतात, घरात कुणी वाचलं तर? हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते, कारण कुणी वाचेल ही शंका मनात असेल तर आपण खरं लिहीतच नाही, आणि खोटं लिहिलेलं परत वाचून काय मिळणार. आपल्या घरांमध्ये बाईच्या नावाचा एक खण पण नसतो बऱ्याचदा. मी सरळ जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की या वहीत मी माझं लिहिते, कृपा करून कुणी उघडू नका, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. नवरा लगेच हो म्हणाला, आई पहिल्यांदा जरा गप्प झाल्या, मग दोन दिवसांनी त्यांनीच लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरची एक किल्ली माझ्याकडे दिली, त्यांचे दागिने आणि माझ्या वह्या आता एकाच ठिकाणी असतात. ज्यांच्या घरात असं बोलणं शक्य नाही त्यांनी बिनधास्त ॲप वापरा, वेगळा पासकोड ठेवा आणि नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर रात्री साडेनऊला "आज काय लिहिणार?" असं स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं. जे कुठेच ठेवता येणार नाही असं काही असेल तर सुट्ट्या कागदावर लिहून फाडून टाका, त्या दिवसाचं फक्त तारीख आणि एका शब्दाचा विषय वहीत घाला, परत वाचताना तेवढी खूण पुरते.